छातीला गंभीर इजा झालेल्या जवानावर रणभूमीवर आणि वाटेत होणारे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातील अनेक गावांतून मुले सैन्यात आणि निमलष्करी दलांत जातात. त्यांच्यापैकी कोणाच्या छातीला गोळी लागली किंवा स्फोटाचा दणका बसला, की घरी फोन येतो आणि त्यात “लंगला मार लागला आहे, नळी टाकली आहे, व्हेंटिलेटरवर आहे” एवढेच शब्द असतात. मी काही वर्षे सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होतो आणि आता धुळ्यात रुग्ण पाहतो. त्या शब्दांचा अर्थ विचारायला अमळनेर, साक्री, शहादा, चाळीसगाव अशा ठिकठिकाणांहून लोक येतात. त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

छातीत गोळी किंवा छर्रा लागला की आत नेमके काय बिघडते?

फुफ्फुस स्वतःच्या बळावर फुगत नाही. श्वास घेताना बरगड्या वर उचलल्या जातात, पोट आणि छाती यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, छातीची पोकळी मोठी होते आणि त्या ओढीने हवा आत येते. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये दोन पातळ आवरणे असतात. ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तशी ती चिकटलेली असल्यामुळेच ही ओढ फुफ्फुसापर्यंत पोहोचते. गोळीने भिंतीला किंवा फुफ्फुसाला छिद्र पडले की या दोन आवरणांमध्ये हवा शिरते आणि फुफ्फुस आकसून बसते.

पुढे काय होते, ते छिद्र कसे आहे यावर ठरते. बाहेरची जखम मोठी असेल, तर श्वासाबरोबर हवा नाकातोंडाऐवजी जखमेतून आत-बाहेर करू लागते आणि तिचा फसफस असा आवाज ऐकू येतो. फाटलेल्या फुफ्फुसाची कड झडपेसारखी वागू लागली, तर प्रसंग अधिक बिकट होतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जसा हवा आत घेतो पण परत सोडत नाही, तशी प्रत्येक श्वासाबरोबर हवा छातीत कोंडत जाते, आतला दाब वाढतो आणि हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा दबतात. यालाच टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. अशा जखमीच्या हृदयात दोष नसतो, मात्र त्यात भरायला रक्तच येत नाही, म्हणून रक्तदाब कोसळतो आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो.

हवेऐवजी रक्तही साठू शकते. छातीच्या एका बाजूला दीड लिटरपेक्षा अधिक रक्त कोणाच्या लक्षात न येता मावते. शिवाय फुफ्फुसाला मुका मार बसतो. त्यात हवेच्या पिशव्यांमध्ये रक्त आणि पाणी झिरपते आणि ही सूज पहिल्या एक-दोन दिवसांत वाढत जाते. “काल तर बोलत होता, आज मशीनवर कसा गेला?” या घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा या मुक्या मारात असते.

जखमीपाशी पोहोचलेला वैद्यकीय सहायक आधी फुफ्फुसाकडेच पाहतो का?

नाही, तो आधी वाहते रक्त थांबवतो. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत २००१ ते २०११ या काळात मरण पावलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी २०१२ मध्ये तपासून प्रसिद्ध करण्यात आल्या. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच झालेल्या मृत्यूंपैकी जे कदाचित टाळता आले असते, त्यांतील सुमारे ९१ टक्के रक्तस्रावामुळे झाले होते, ८ टक्के श्वासमार्ग बंद झाल्यामुळे आणि सुमारे १ टक्का छातीत कोंडलेल्या हवेमुळे. हा एक टक्का पाहून छातीचा उपचार दुय्यम ठरवणे मात्र चुकीचे होईल, कारण व्हिएतनाम युद्धात हेच प्रमाण तीन ते चार टक्क्यांच्या घरात सांगितले जात असे आणि ते खाली येण्यामागे प्रत्येक वैद्यकीय सहायकाच्या थैलीत आलेली, छातीतली हवा काढायची लांब सुई हे एक मोठे कारण मानले जाते.

क्रम असा असतो : मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण आणि शेवटी शरीराची ऊब व डोक्याची इजा. रक्त गोठण्यास मदत करणारे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल पहिल्या तीन तासांत द्यावे लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि वीस हजारांहून अधिक जखमींवर झालेल्या चाचणीत, ज्यात भारतातील रुग्णालयेही होती, त्याचा लाभ दिसून आला. छातीत रक्त साठत असलेल्या जवानालाही ते तितकेच उपयोगी पडते.

छातीवरच्या जखमेला चिकटवतात ती पारदर्शक पट्टी कशासाठी असते?

तिला चेस्ट सील म्हणतात. उघड्या जखमेतून हवा आत शिरू नये आणि आत साठलेली हवा बाहेर पडता यावी, अशी तिची रचना असते, म्हणजे तिच्यावरच एक छोटी एकतर्फी झडप बसवलेली असते. पूर्वी प्लॅस्टिकचा तुकडा तीन बाजूंनी चिकटवून चौथी बाजू मोकळी ठेवण्याची पद्धत शिकवत असत. व्यवहारात ती पट्टी रक्ताने भिजून एकतर पूर्ण चिकटे किंवा पूर्ण सुटे. म्हणून आता झडपेची पट्टी पसंत केली जाते.

ही पट्टी लावताना हमखास होणारी चूक घामाची आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा माणसाच्या छातीवर डिंकही टिकत नाही. प्रशिक्षणात मी मुलांना आधी कापडाने त्वचा खरखरून पुसायला लावतो, मग पट्टी लावून तिच्या कडा तळहाताने दाबून धरायला सांगतो. त्यानंतर पाठ तपासायची, कारण गोळी पुढून शिरून मागून निघाली असेल, तर पुढची पट्टी कितीही चांगली लागलेली असली तरी मागचे छिद्र उघडेच राहते. आणि पट्टी लावल्यानंतर दम वाढू लागला, तर तिची कड क्षणभर उचलून कोंडलेली हवा जाऊ द्यायची.

सुई टोचून हवा काढतात म्हणजे काय करतात?

छातीत कोंडलेल्या हवेला बाहेरची वाट करून देतात. त्यासाठी १४ गेजची, सुमारे ८ सेंटिमीटर लांबीची, वर नळीचे आवरण असलेली सुई वापरतात. ती आत गेल्यावर हवा सुटते, मग सुई काढून घेऊन नळी तशीच ठेवतात.

लांबीचा मुद्दा मी सविस्तर सांगतो, कारण याच ठिकाणी प्राण जातात. आपल्या दवाखान्यांत सलाईनसाठी असते ती नारिंगी रंगाची १४ गेजची सुई जाडीला बरोबर असते, पण लांबीला पाच सेंटिमीटरच्या आसपासच भरते. व्यायाम केलेल्या जवानाच्या छातीचे स्नायू इतके जाड असतात की ही सुई अनेकदा मांसातच थांबते. टोचणाऱ्याला वाटते की काम झाले, हवा मात्र आत तशीच राहते. मटणाच्या दुकानातून बरगड्यांचा मोठा तुकडा आणून, त्याच्यामागे फुगवलेला फुगा बांधून मी दोन्ही सुया टोचून दाखवतो. आखूड सुईने फुगा तसाच राहतो आणि लांब सुईने तो पिचकतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुन्हा सुई निवडताना चुकत नाही.

जागेबद्दलही विचार बदलला आहे. पूर्वी गळ्याच्या हाडाखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधल्या फटीत टोचत. तेथे छातीची भिंत जाड असते आणि घाईत सुई हृदयाच्या बाजूला सरकण्याचा धोका असतो. २०१८ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय अपघात-उपचार अभ्यासक्रमात प्रौढांसाठी काखेजवळची, चौथ्या-पाचव्या बरगडीखालची फट सुचवण्यात आली. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठावरून नेतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला लागून रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात.

सुईने मिळणारा आराम तात्पुरता असतो. नळी वाकते, रक्ताच्या गुठळीने बुजते आणि लक्षणे परत येतात. म्हणून सुई टोचलेल्या जखमीला एकटे सोडत नाहीत.

गावात असा प्रसंग आला तर आम्ही सुई टोचावी का?

टोचू नये. तुम्ही रक्त दाबून थांबवा, जखम स्वच्छ प्लॅस्टिकने झाका, शुद्धीवर असेल तर त्याला ज्या स्थितीत बरे वाटते त्या स्थितीत बसू द्या, शुद्धीवर नसेल तर जखमी बाजू खाली येईल असे कुशीवर ठेवा आणि १०८ ला फोन करा. छातीत रुतलेली वस्तू उपसून काढू नका.

“छातीत नळी टाकली, बाटली लावली” याचा अर्थ काय?

काखेखाली छोटा छेद घेऊन, बोटाने वाट मोकळी करून, बोटाएवढ्या जाडीची नळी छातीच्या पोकळीत ठेवतात. डॉक्टर मंडळी तिला आयसीडी म्हणतात. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण दोन सेंटिमीटर बुडवलेले असते. छातीतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि पाण्यामुळे बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. श्वासाबरोबर नळीतले पाणी वर-खाली हलत असेल, तर नळी चालू आहे असे समजावे.

ही बाटली रुग्णालयात छान चालते, रणभूमीवर मात्र ती अडचणीची ठरते. डोंगरावरून स्ट्रेचर नेताना बाटली उलटली किंवा छातीपेक्षा वर उचलली गेली, की पाणी छातीत परत जाऊ शकते. १९६० च्या दशकात अमेरिकी शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी यावर तोड काढली. प्लॅस्टिकच्या छोट्या नळकांड्यात चपटी रबरी नळी बसवली, जी हवा बाहेर जाताना उघडते आणि आत येऊ लागली की स्वतःच मिटते. व्हिएतनाम युद्धात ही झडप मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि आजही ती वापरात आहे. पाकिटात मावणारी, बॅटरी न लागणारी आणि कोणत्याही स्थितीत चालणारी ही वस्तू मला अनेक महागड्या यंत्रांपेक्षा मोलाची वाटते.

घरच्यांसाठी दिलासा देणारी बाब अशी की छातीला इजा झालेल्या बहुसंख्य जखमींना छाती उघडण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. नळी, प्राणवायू आणि वेदनाशमन एवढ्यावर ते बरे होतात. वेदनाशमनाला मी मुद्दाम त्याच रांगेत बसवतो. बरगड्या मोडलेला माणूस दुखते म्हणून उथळ श्वास घेतो, खोकत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. छातीला घट्ट पट्टा आवळणे ही जुनी रीत याच कारणाने सोडून देण्यात आली.

बाहेर एकही जखम नसताना स्फोटामुळे फुफ्फुस कसे फाटते?

स्फोटाबरोबर हवेच्या दाबाची लाट सुटते. ती शरीरातून जाताना भरीव मांसाला फारसे काही करत नाही, पण जेथे हवा आणि पातळ पेशी एकमेकींना लागून आहेत, तेथे, म्हणजे कान, फुफ्फुस आणि आतडी यांत, ती फाडाफाड करते. फुफ्फुसाच्या सूक्ष्म पिशव्या फुटतात, त्यांत रक्त उतरते आणि एक्स-रेवर छातीच्या मध्याभोवती पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी पांढरी छाया दिसते. बंद जागेत, वाहनात किंवा बंकरमध्ये ही लाट भिंतींवरून परतते आणि इजा अधिक होते.

अशा जखमीच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तो चालत-बोलत आला तरी त्याला काही तास देखरेखीखाली ठेवतात, कारण दम नंतर वाढू शकतो. आणि त्याला यंत्राने श्वास द्यायची वेळ आली, तर दाब शक्य तितका कमी ठेवतात. जोराने हवा भरली, तर ती फाटलेल्या पिशव्यांतून थेट रक्तवाहिन्यांत शिरून मेंदूकडे किंवा हृदयाकडे जाऊ शकते.

हा विषय आपल्याकडे फक्त सीमेपुरता नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूरजवळ वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात झालेला स्फोट या भागातील लोक विसरलेले नाहीत. भुसावळ आणि वरणगाव येथे तर आयुध निर्माणीच आहेत. स्फोटातील जखमींना तपासताना बाहेरच्या भाजण्याबरोबर आतल्या फुफ्फुसाचा विचार करण्याची सवय येथील प्रत्येक अपघात विभागाला हवी, असे माझे ठाम मत आहे.

विषारी वायू किंवा धुराचे काय?

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला आणि चारच दिवसांनी भारतीय सैनिकांची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर वायूच्या तोंडी गेली. क्लोरीन लगेच डोळे-घसा जाळतो, त्यामुळे निदान कळते तरी. फॉस्जीन या दुसऱ्या विषारी वायूचे तसे नाही. सुरुवातीला थोडा खोकला येतो, मग तासन्‌तास काहीच होत नाही आणि त्यानंतर फुफ्फुसात पाणी भरते. म्हणून अशा माणसाला धावपळ करू देत नाहीत, झोपवून ठेवतात आणि किमान एक दिवस नजरेआड होऊ देत नाहीत. यांवर उतारा नाही. स्वच्छ हवा, प्राणवायू आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर हेच उपचार आहेत.

छोट्या व्हेंटिलेटरवर नेताना फुफ्फुसाला आणखी इजा होते का?

नीट लावला नाही तर होते. यंत्राचा आकार येथे गौण आहे, दर श्वासाला आत जाणारी हवा महत्त्वाची आहे.

व्हिएतनाम युद्धात छातीला काहीही न लागलेले, फक्त रक्त गेलेले जखमी दोन-तीन दिवसांनी श्वास कोंडून दगावत. त्या आजाराला सैनिकी डॉक्टर तेथील तळाच्या नावावरून “दा नांग लंग” म्हणू लागले. १९६७ मध्ये बारा रुग्णांच्या वर्णनातून त्याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली आणि आज आपण त्याला एआरडीएस म्हणतो. फुफ्फुसभर सूज येते, पिशव्यांत पाणी येते आणि हवा खेळती राहील असा फुफ्फुसाचा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढा उरतो. त्या उरलेल्या भागात मोठ्या माणसाएवढी हवा कोंबली, तर चांगला भागही फाटतो.

२००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरील चाचणीत दर श्वासाला दर किलोमागे १२ मिलिलिटर आणि ६ मिलिलिटर हवा देऊन तुलना करण्यात आली. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. येथे किलो म्हणजे काट्यावरचे वजन धरत नाहीत, उंचीवरून काढलेले धरतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या जवानाचे हे वजन ६६ किलो येते, म्हणजे एका श्वासाला सुमारे ४०० मिलिलिटर हवा पुरते. आता मोठ्यांची अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घेऊन पाहा. तिच्यात दीड लिटरच्या आसपास हवा असते आणि घाबरलेला माणूस ती दोन्ही हातांनी पूर्ण दाबतो. मी शिकवताना एका हाताने, छातीचा पिंजरा जेमतेम उचलेल इतकीच दाबायला आणि दोन दाबांमध्ये मनात सहापर्यंत मोजायला सांगतो.

आणखी एक धोका ध्यानात ठेवावा लागतो. छातीत थोडीशी हवा असलेला रुग्ण स्वतः श्वास घेत असेपर्यंत ठीक असतो. यंत्राने हवा ढकलायला सुरुवात केली की तीच हवा वेगाने वाढून टेन्शन न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो. म्हणून व्हेंटिलेटर लावून लांब न्यायचे असेल, तर बहुधा निघण्यापूर्वीच नळी टाकतात. रुग्णालयात पोहोचल्यावर फुफ्फुस फारच बिघडलेले असेल, तर रुग्णाला दिवसाचे सोळा तास किंवा अधिक पालथे झोपवतात. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत त्याने मृत्यू निम्म्यावर आले. मुलगा पालथा झोपवलेला पाहून आईवडील घाबरतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

एक सिलिंडर किती वेळ पुरतो?

हा हिशेब प्रत्येकाला यायला हवा. रुग्णवाहिकेत बहुधा असतो तो बी टाइप सिलिंडर भरलेला असताना साधारण १,५०० लिटर प्राणवायू देतो, तर रुग्णालयातला जम्बो सुमारे ७,००० लिटर. मास्कवर मिनिटाला १० लिटर सोडले, तर बी टाइप अडीच तासांत संपतो. धुळ्याहून नाशिक सुमारे १६० किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर तेवढा पुरेल, पण वाटेत कोंडी झाली की पुरणार नाही. म्हणून लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट प्राणवायू घेऊन निघावे. बोटावरच्या यंत्रात रक्तातल्या प्राणवायूची पातळी चांगली दिसत असताना प्रवाह उगाच पूर्ण सोडून ठेवणे म्हणजे पुढच्या तासाचा प्राणवायू वाया घालवणे होय.

एकदा रात्री आम्ही छातीला मार लागलेल्या एका तरुणाला दुसऱ्या शहरात नेत होतो. पहिला सिलिंडर संपत आला, दुसरा पूर्ण भरलेला होता, पण तो उघडायची चावी गाडीत नव्हती. चालकाने एका गॅरेजवाल्याला उठवून पान्हा आणला, तोवर मी अंबू बॅग साध्या हवेवर दाबत होतो आणि बोटावरचा आकडा ९१ वरून ८० च्या खाली येताना पाहत होतो. तो मुलगा वाचला. त्या रात्रीपासून माझ्या थैलीच्या बाहेरच्या कप्प्यात दोऱ्याने बांधलेली एक चावी कायम असते आणि माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ती बाळगायला लावतो.

छातीत हवा असताना हेलिकॉप्टर किंवा विमानाने का नेत नाहीत?

नेतात, पण आधी नळी टाकून. जसजसे वर जावे तसतसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि कोंडलेली हवा प्रसरण पावते. प्रवासी विमानाच्या आत साधारण ८,००० फूट उंचीवरच्या इतका दाब असतो आणि तेवढ्यावर छातीतली हवा एक-तृतीयांशाने वाढते. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे आणि सियाचीनमधल्या चौक्या १८,००० फुटांच्याही वर. तेथून जखमी खाली आणताना उंची कमी होते, हे त्याच्या पथ्यावर पडते. मात्र थंडीत यंत्रांच्या बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून त्या अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवतात. श्वासनळीतल्या ट्यूबच्या फुग्यातही हवा असते. तिचा दाब चढताना आणि उतरताना तपासावा लागतो.

एक्मो म्हणजे काय, आणि ते खरोखर उचलून नेता येते का?

व्हेंटिलेटर कितीही चांगला असला तरी त्याला फुफ्फुसाची थोडी तरी साथ लागते. ती साथच उरली नाही, तर रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून आणि कार्बन डायऑक्साइड काढून ते परत सोडावे लागते. मांडीच्या आणि मानेच्या मोठ्या शिरांत करंगळीच्या जाडीच्या नळ्या घालतात, पंप मिनिटाला चार-पाच लिटर रक्त फिरवतो आणि ते हजारो पोकळ तंतूंच्या जुडीवरून जाते. आपल्या फुफ्फुसाचा आतला पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर असतो आणि या जुडीचा दोन चौरस मीटरच्याही आत. एवढ्यावर माणूस दिवसेंदिवस जगवता येतो, याचे मला आजही नवल वाटते.

या उपचाराचा जन्मच अपघातातल्या जखमीवर झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यशस्वी प्रौढ रुग्णाचे वय २४ होते, मोटारसायकल अपघातानंतर त्याची फुफ्फुसे निकामी झाली होती आणि तो ७५ तास यंत्रावर राहून बरा झाला. पुढे यंत्रे लहान होत गेली. आज उचलून नेता येणारा एक्मो संच साधारण दहा किलोचा असतो. अमेरिकी लष्कराने २००५ मध्ये जर्मनीतील लांडस्टूल येथे फुफ्फुस निकामी झालेल्या जखमींना आणण्यासाठी खास पथक उभारले आणि नंतर अफगाणिस्तानातून काही जखमी एक्मोवर ठेवूनच विमानाने आणले गेले.

अडचण दहा किलोंची नाही. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते, आणि ज्याच्या अंगात छर्रे आहेत त्याला हेपॅरिन देणे म्हणजे थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू करण्यासारखे आहे. आता नळ्यांना आतून लेप दिलेला असतो आणि प्रवाह भरपूर ठेवला तर काही काळ औषधाशिवाय काम भागते. तरीही नळ्या घालणारा, पंप सांभाळणारा आणि रक्त तपासणारा असे प्रशिक्षित पथक चोवीस तास लागते. म्हणून “माझ्या मुलाला एक्मो का लावला नाही?” असा प्रश्न ज्यांच्या मनात आहे, त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो शांतपणे विचारावा. बहुतेक वेळा उत्तर रक्तस्रावाचे किंवा मेंदूच्या इजेचे असते.

अंगावर बांधता येईल असे कृत्रिम फुफ्फुस आले आहे का?

अद्याप प्रयोगशाळेत आहे. केसाहून बारीक वाहिन्या कोरून त्यांतून रक्त नेणाऱ्या यंत्रांवर अमेरिकेत मिशिगनमध्ये काम चालू आहे. अशा यंत्राला शुद्ध प्राणवायूऐवजी साधी हवा पुरावी, म्हणजे सिलिंडर सुटेल, अशी त्यामागची कल्पना आहे. २०१२ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देऊन श्वासनळी बंद केलेले ससे पंधरा मिनिटे जिवंत ठेवले. माणसावरच्या उपचारापर्यंत हे अजून आलेले नाही.

भारतात यातले काय उपलब्ध आहे?

जखमी जवान युनिटच्या रेजिमेंटल एड पोस्टपासून, म्हणजे पहिल्या उपचार केंद्रापासून, निघून पुढच्या टप्प्यांतून सैनिकी रुग्णालयात आणि गरजेप्रमाणे कमांड हॉस्पिटलमध्ये जातो. पुण्यात हृदय आणि छातीच्या विकारांसाठी सैन्याची स्वतंत्र संस्था आहे. ‘भीष्म’ हे ७२ छोट्या पेट्यांत मावणारे, दोनशे जखमींवर उपचार करू शकेल असे उचलते रुग्णालय मे २०२४ मध्ये आग्र्याला विमानातून पॅराशूटने उतरवून पाहण्यात आले आणि त्याच वर्षी असे चार संच युक्रेनला देण्यात आले.

सातपुड्यातल्या पाड्यांवर याचा काही उपयोग आहे का?

माझ्या मते सर्वाधिक उपयोग तेथेच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आजही काही पाड्यांवरून रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो. झाडावरून पडलेला, अस्वलाने छाती फाडलेला किंवा चांदसैली घाटात गाडीखाली सापडलेला माणूस आणि रणभूमीवरचा जखमी यांच्यात अंतर, वेळ आणि वाहून नेण्याची रीत या तिन्ही बाबतींत मोठे साम्य आहे. झोळीत माणूस वाकून दुमडतो आणि छाती फुगायला जागा राहत नाही. त्यामुळे छातीला मार असेल, तर झोळीऐवजी बाज वापरा, डोक्याकडची बाजू उचललेली ठेवा आणि दर दहा मिनिटांनी खाली ठेवून श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या वर गेला, तर पुढे फोन करून तसे कळवा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत झडपेच्या पट्ट्या, लांब सुया आणि हाइमलिक झडप ठेवणे व ती वापरण्याचा सराव दर सहा महिन्यांनी घेणे हे काही फार खर्चाचे काम नाही, आणि ते व्हावे यासाठी मी जेथे संधी मिळेल तेथे बोलत असतो.

मुलगा घरी आला आहे. आता काय सांभाळायचे?

पारोळ्याकडच्या एक माउली मला सांगत होत्या, “मना पोऱ्याले जिना चढताना दम लागस.” पहिले काही महिने एवढा दम लागणे स्वाभाविक आहे. बसून असतानाही दम लागणे, छातीत एकाएकी कळ येणे, ताप किंवा कफात रक्त दिसणे यांपैकी काही झाले, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. तीन गोळ्यांचे फुंकणीयंत्र मिळते, त्यात फुंकायचे नसून हवा आत ओढायची असते. जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढावे, आणि नुसती गोळी वर उडवण्याऐवजी ती वर टिकवून धरावी. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकोकसच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारावे. विडी-सिगारेट पूर्ण बंद. हिवाळ्यात शेतात भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जातात, तेव्हा त्याला वारा येतो त्या बाजूला, धुरापासून दूर बसवावे, आणि जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीत काम करू देऊ नये. विमानप्रवास किंवा उंचावरची बदली एक्स-रे स्वच्छ असल्याची खात्री झाल्याखेरीज स्वीकारू नये.

निवृत्त झालेल्यांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून पुढची तपासणी करून घेता येते आणि कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व सीटी स्कॅनची सीडी आणि नळी कोणत्या तारखेला काढली याची नोंद एका पिशवीत एकत्र ठेवावी. दम वाढून रात्री-अपरात्री रुग्णालयात जावे लागले, तर तेथील डॉक्टर जुना एक्स-रे आधी मागतील.